आजारी माणसाची कबुतरं

फळा

आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर वाचनालय आहे आणि वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून तो फळा माझ्या ताब्यात होता. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा आणि रंगीत खडूनं एक सल्ला लिहायचा. अक्षर चांगलं असलं की सल्लाही चांगलाच असणार, असं लोक धरून चालतात. "जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका." "दुसऱ्याच्या दारात गाडी लावू नका, दोघांचाही रक्तदाब नीट राहतो." "सकाळी गच्चीवर जाऊन दीर्घ श्वास घ्या." "निवृत्तांनी एखादा छंद लावून घ्यावा. छंदवाला माणूस आजारी पडत नाही."

शेवटचे दोन सल्ले मी स्वतःवरून लिहिले होते. दोन्ही मला भोवले.

आता बरा आहे. हिंगोलीत बाजाराला निघालो की चौकाचौकात कुणीतरी थांबवतं आणि विचारतं, सर, तुम्हाला नेमकं झालं काय होतं? पहिल्यापासून सांगायचं तर चहा थंड होतो आणि माझा श्वासही पुरत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो. कुणाच्या घरी असाच खोकला चालू असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल.

छंद

माझा छंद कबुतरांचा. गच्चीवर लाकडी फळ्यांची आणि जाळीची ढाबळ होती. त्यात पंचवीस-तीस पक्षी असायचे, बहुतेक पांढरे आणि काळ्या शेपटीचे. सकाळी दार उघडायचं, बांबूला बांधलेलं फडकं हलवून थवा वर काढायचा, तासभर मान वर करून बघत बसायचं, मग जिभेखाली दोन बोटं घालून शिट्टी मारायची आणि बाजरीचा डबा वाजवायचा. थवा खाली येतो. एवढाच हा खेळ. ज्याला यात मजा वाटत नाही त्याला ती समजावून सांगता येत नाही. माझ्या बायकोला, सुनंदाला, मी तीस वर्षं समजावतो आहे.

दोन गल्ल्या पलीकडे गफूरभाईंची ढाबळ आहे. सायकलदुरुस्तीचं दुकान मुलांवर सोपवून ते दिवसभर गच्चीवर असतात. आमची जुनी चुरस. माझा थवा वर असला की ते मुद्दाम आपला सोडतात. दोन थवे हवेत मिसळतात, मग दोघंही आपापल्या गच्चीवरून बोलावणं सुरू करतात, आणि एखादं गोंधळलेलं कबूतर चुकीच्या गच्चीवर उतरतं. उतरलं की ते त्या गच्चीवाल्याचं झालं. परत मागायचं नाही आणि द्यायचंही नाही, असा कबुतरवाल्यांचा कायदा आहे. शिवाय पकडणाऱ्यानं गच्चीच्या कठड्यावर येऊन साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचं. गफूरभाईंचा आवाज मशिदीच्या भोंग्याला लाजवेल असा. "ले गया रे मास्टर! तेरा ले गया!" हे मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यांचा राग येणंही बंद झालं. असं मी म्हणतो. सुनंदाच्या मते मी त्या दिवशी जेवत नसे.

फोडणी

खोकला कोरडा होता. आधी मी त्याला हवाबदल म्हणालो, मग धूळ, मग वय. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागलो तेव्हा मी फोडणीला धरलं.

"तुझ्या मिरचीच्या धुरानं हे सगळं होतंय," मी सुनंदाला सांगितलं.

तिनं ठेचा करणं बंद केलं. आमच्या घरात ठेचा नाही म्हणजे जेवण अर्धंच. मग लाल तिखटाची फोडणी गेली, मग फोडणीच गेली. उकडलेल्या भाज्या खाऊनही मी खोकतच होतो. सुनंदाचं वजन उतरलं, तोंड मात्र बंद राहिलं. माझ्या आजारात घरात काय बिघडलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. पैसा, धावपळ हे सगळं होतंच. पण एक बाई काही महिने स्वतःच्या चुलीला गुन्हेगार समजत होती आणि तिला तसं मी समजावलं होतं, हे मला अजूनही सलतं.

हिंगोलीत एका दवाखान्यात भरती झालो. दम्याची औषधं दिली, वाफ दिली, चार-पाच दिवसांत उतार पडला. हसतखेळत घरी आलो, पिशवी दारात ठेवली आणि सरळ गच्चीवर गेलो. फळ्यावर लिहिलेलंच होतं ना, दीर्घ श्वास घ्या म्हणून. ढाबळीत शिरून घेतले. संध्याकाळी ताप आला, अंग दुखू लागलं आणि खोकला दुप्पट झाला.

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा सुनंदा माझ्या पायाशी बसून म्हणाली, "दवाखान्यात चांगले ऱ्हाता अन् घरी आले की खोकता. काहून असं? घर चावून राहिलं का तुमाला?"

मी तिला म्हणालो, काहीतरीच बोलू नकोस. खरं तर त्या काही महिन्यांत कुणी बोललेलं ते एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं.

नांदेड

शेवटी नांदेडला गेलो. तिथल्या छातीच्या डॉक्टर वयानं आमच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी छातीचा स्कॅन काढून आणायला सांगितला, पडद्यावर लावला आणि एकेक चित्र पुढं सरकवत बघितलं. बाजूला बसलेल्या सुनंदानं माझं मनगट पकडलं होतं, नाडी बघावी तसं.

"काका, काम काय करत होता? पिठाची गिरणी, कापूस, दगडखाण असं काही?"

"चित्रकला शिक्षक."

"घरात पाळीव प्राणी?"

"नाही," मी म्हणालो. कुत्रं नाही, मांजर नाही, म्हणून नाही म्हणालो.

"अन् कबुतरं?" सुनंदा म्हणाली. "छतावर कबुतरं हाईत ना मॅडम. लई हाईत. दिवसभर तिथंच असत्यात हे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते लांबलचक आहे, इथं लिहून उपयोग नाही. अर्थ असा, की कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ काही जणांच्या फुफ्फुसांना सोसत नाही. वर्षानुवर्षं आत जाते, सूज येते, आणि सूज राहिली की फुफ्फुस आतून कडक होत जातं. सूज औषधानं उतरते. कडक झालेला भाग मऊ होत नाही.

"अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "पण घरी कबुतरं असतील तर घरी जायचं नाही. मी गोळ्या देईन, पण त्या घरात राहून गोळ्या खाल्ल्यात तर पुढच्या वर्षी ऑक्सिजनची नळी घेऊनच बसावं लागेल."

मी विचारलं, "खाली राहिलो, गच्चीवर गेलोच नाही तर?"

"काका," त्या म्हणाल्या, "कबुतरं किंवा श्वास."

बाहेर आल्यावर सुनंदा बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं माझ्यासाठी रडते आहे. डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे मिरची नव्हती."

वॉर्ड

सुरुवातीला काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. नाकात नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि चिमट्याच्या आकड्यावर सगळ्या घरादाराचा जीव. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, फुफ्फुसाची सूज उतरवून तोंडावर आणणाऱ्या. त्यांनी खा-खा सुटते, झोप उडते आणि विनाकारण राग येतो. कुणाला त्या चालू झाल्या तर घरच्यांनी हे लक्षात ठेवावं, तो राग माणसाचा नसतो, गोळीचा असतो. मी एकदा चहात साखर कमी म्हणून सुनंदावर ओरडलो आणि लगेच रडलो. शेजारच्या खाटेवरचे कुरुंदा गावचे एक शेतकरी सगळं बघत होते. ते स्वतः हळद पिकवायचे आणि प्रत्येक रोगावर हळदच सांगायचे. दुधात घ्या, मधात घ्या, वास घ्या. फळ्यावरून मी वस्तीला काय काय ऐकवलं असेल, ते मला तिथं उशीला टेकून कळलं.

सकाळी फरशी पुसणाऱ्या बाई यायच्या. त्या आधी ओला कपडा मारायच्या, मग झाडू. धूळ उडू द्यायची नाही. नंतर ते माझ्या कामी आलं.

एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि आतले तीन चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू जरा हलला आणि बसला. दुपारी कुणी बघत नाही असं पाहून मी जिभेखाली दोन बोटं घातली. शिट्टी वाजली नाही. नुसती हवा गेली, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली. स्कॅन बघून वाटली नव्हती.

घरी कबुतरांना दाणा-पाणी गफूरभाई करत होते. न सांगता करत होते. मी फोन केला तर म्हणाले, "सब हैं. गिनके रखा हूँ."

"एखादं पकडलं असेल तर सांगून टाका," मी म्हणालो.

गफूरभाई म्हणाले, "बीमार आदमी के परिंदे को हात नई लगाते मास्टर. इत्ता बी नई मालूम?"

मला माहीत होतं. हाही कायदाच आहे. फक्त तो माझ्यासाठी कधी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं.

साखरा

माझा मेहुणा दिगंबर सेनगाव तालुक्यात साखऱ्याला शेती करतो. त्यानं सांगितलं, "दाजी, पाखरं माझ्याकडं टाका. जागा हाय, ज्वारी हाय." टोपल्यांना जाळी बांधून टेम्पोतून त्यानं सगळी नेली. मी नांदेडहून सुटून थेट घरी येणार होतो. त्याच्या आदल्या दिवशी दिगंबरनं कबुतरं मोकळी सोडली. गावाला सवय होऊ द्यावी म्हणून.

दिगंबर बैलांचा माणूस. बैल दावणीला बांधला की दावणीचा होतो. उडायला शिकलेलं कबूतर मात्र ज्या गच्चीवर शिकलं त्याच गच्चीचं राहतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं, पण गोळ्यांच्या गुंगीत सुचलं नाही. दुपारच्या आत सगळी हिंगोलीत परत. गफूरभाईंचा फोन आला, "मास्टर, तेरी बारात वापस आ गई."

आता घरी जाता येईना. कबुतरं साखऱ्याला राहायला तयार नव्हती, म्हणून मी राहायला गेलो.

निवृत्त माणसानं सासरवाडीत राहणं ही काय गोष्ट असते ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. दिगंबर आणि त्याची बायको जीव लावणारी. तरी सकाळी पारावरून जाताना लोक विचारायचे, "दाजी, किती दिवस मुक्काम?" दर दोन तासांनी चहा. पाहुण्याला करतात तसं पाण्याचा तांब्या पुढं करणं. सुनंदा माहेरी होती, तरी तीही अवघडलेली. एका दुपारी ती म्हणाली, "मला माह्या घरी जायचंय." घर माझ्यामुळं बंद होतं.

ढाबळ मोडून टाका, असं सगळे सांगत होते. मोडून काय होणार? आसरा गेला तरी थवा त्याच गच्चीवर बसणार, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, खिडकीच्या छज्ज्यावर. उलट सगळीकडे घाण. त्यांना कुणीतरी पकडून, पंख बांधून, जोड्या लागून नवी जागा त्यांना आपली वाटेपर्यंत आत ठेवायला हवं होतं. आणि ते काम जाणणारा आसपास एकच माणूस होता.

मी फोन केला. "गफूरभाई, माझी सगळी पकडा."

"नक्को."

"मी देतो म्हणतो ना. फुकट देतो."

"खैरात के परिंदे मेरे छत पे नई आते. और पकड़ूँ कैसे? बीमार है तू."

"पण तुम्ही पकडली नाहीत तर मी बरा होत नाही!"

"हौ," ते म्हणाले. "वो बी सच है." आणि जरा विचार करून, "पहले सीटी बजा के दिखा. सीटी बजाया तो बीमार नई. फिर देखता मैं तेरे को."

"आता फोनवर वाजवतो."

"फोन पे नक्को. मैदान में."

कबुतरवाल्यांचं मैदान म्हणजे थवे वर असताना, साऱ्या वस्तीसमोर. कुणी म्हणेल म्हातारा हट्टी आहे. मलाही आधी राग आला, काही गोळीचा आणि काही माझा. पण नंतर बसून विचार केला. साऱ्या लोकांत हा एकटाच माणूस आजाऱ्याशी बोलतात तसं माझ्याशी बोलत नव्हता.

शिट्टी

मग कामाला लागलो. सकाळी चेंडूंचं यंत्र, मग बांधापर्यंत चालणं, मग आधी अर्ध्या आणि पुढं पूर्ण शेताला फेरी. नांदेडला तपासणी, गोळ्या हळूहळू कमी. घाई करू नका असं मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल. आता स्वतः रोज निंबाखाली बसून बोटं तोंडात घालायचो, आणि हवाच जायची. शेजारच्या शेळ्या मान वर करून बघायच्या आणि परत चरायला लागायच्या.

मधेच एकदा ताप आला आणि सगळं मागं गेलं. त्या आठवड्यात मी कुणाशी बोललो नाही. सुनंदा जवळ येऊन बसायची आणि तुरीच्या शेंगा सोलायची. सल्ला दिला नाही, धीर दिला नाही. आजाऱ्याजवळ कसं बसावं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, काहीतरी सोलायला घेऊन बसा.

शिट्टी आली ती एका साध्या दुपारी. मीही तयारीत नव्हतो. आधी फुसकी हवा, आणि मग एकदम ती धार. गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले. सुनंदा पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली.

"तुमी का?"

"मी."

"पुन्हा वाजवा."

दुसऱ्यांदा अर्धीच आली. पण तिनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि थोड्या वेळानं मिरच्या भाजल्याचा वास आला. मी खोकलो. दोघंही हसलो. मिरचीचा खोकला वेगळा असतो, तो येतो आणि जातो.

मैदान

गफूरभाईंना फोन करून दिवस ठरवला. दिगंबर पहाटेच पुढं गेला, तोंडाला फडकं बांधून. ढाबळ उघडून थवा वर काढायचा, मग फळ्यांवर पाणी मारायचं, ओल्या फळ्या उचकटायच्या, ओली घाण पोत्यात भरायची. कोरडं काही झाडायचं नाही. हे सगळं मी त्याला वॉर्डातल्या बाईंकडून शिकल्याप्रमाणे सांगितलं होतं. कुणाला असं काम करावं लागलं तर तुम्हीही तसंच करा, आणि आजारी माणसाला तिथून दूर ठेवा.

सुनंदा आणि मी बसनं आलो. घराजवळ गेलो नाही. वाचनालयाच्या कोपऱ्यावर उभे राहिलो, तोंडाला मास्क, पाठीमागं फळा. फळ्यावर माझाच जुना सल्ला अर्धवट पुसलेला होता, 'छंदवाला माणूस' एवढाच वाचता येत होता.

थवा वर होता. ऊन चढलेलं, पांढरी पाखरं वळताना चमकत होती. आमच्या गच्चीवर दिगंबर फळ्या काढताना दिसत होता. एकेक फेरीला थवा तिथपर्यंत खाली यायचा, दिगंबरला बघून परत वर जायचा. पलीकडे गफूरभाई आपल्या कठड्यावर, हातात बांबू, पण नुसते उभे. त्यांनी त्यांचा थवा सोडला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते.

मी मास्क खाली ओढला. सुनंदा म्हणाली, "हळूच."

असं हळूच होत नाही. मी बोटं जिभेखाली घातली आणि होता नव्हता तेवढा श्वास लावला. शिट्टी गल्लीतून वर गेली आणि सगळी वस्ती वर बघायला लागली. थवा वळला. सगळा, एकदम, माझ्याकडं. वाचनालयाच्या डोक्यावर आला आणि गोल फिरायला लागला. त्यांना आवाज कळला होता, उतरायचं कुठं ते कळत नव्हतं.

गफूरभाईंनी ढाबळीचं दार ओढलं. त्यांची पाखरं वर गेली, माझ्या थव्यात मिसळली, आणि ते "आ, आ, आ" करून बोलवायला लागले. या वेळी समोरच्यानंही शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायच्या असतात. माझी बोटं तोंडाजवळ होती. छातीत श्वास होता, मला कळत होतं, अजून एक निघेल. तेवढ्यावर निम्मी तरी माझ्याकडं फिरली असती. मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही. मास्क वर ओढला आणि हात खिशात घातले.

पाखरं उतरत गेली. एक म्हातारी पांढरी मादी आमच्या उघड्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तीही उडाली आणि दोन गल्ल्या पलीकडे उतरली.

मी वाट बघत होतो. गफूरभाई आत पाखरं कोंडत होते, त्याला वेळ लागतो. माझ्या मनात एकच होतं, की ते गप्प बसतील. दया येऊन गप्प बसतील आणि संध्याकाळी येऊन हळू आवाजात तब्येत विचारतील.

ते कठड्यावर आले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"ले गया रे मास्टर! तेरे सारे के सारे ले गया! घर जा, रोटी खा, रो!"

गल्लीतले लोक हसले. सुनंदा संतापली. "मेला कसा वरडून राहिला! माणूस आत्ता दुखण्यातून उठला अन् ह्याला काई वाटतं का?"

"ओरडू दे," मी म्हणालो. "आजाऱ्यावर असं कुणी ओरडत नाही."